बोटीचा डेक दबतोय म्हणजे आतलं बाल्सा लाकूड गेलं

एकाने विचारलंय की त्याच्या जुन्या जे/२४ या शिडाच्या बोटीचा डेक (वरचा पृष्ठभाग) स्टँचनजवळ, म्हणजे कठड्याच्या खांबांजवळ, पायाखाली दबतो आणि कारागीर म्हणतो, वरून फायबरचा एक थर मारू. अजिबात मारू देऊ नका, आत मुरलेलं पाणी तिथेच कोंडेल.

१९७७ पासूनच्या या बोटींत डेक म्हणजे फायबरचे दोन पातळ थर आणि मध्ये बाल्सा हे हलकं लाकूड. स्टँचनच्या बोल्टांभोवतीचं सीलंट (पाणी अडवणारा लेप) म्हातारं झालं की तिथून पाणी झिरपतं न् बाल्साचा काळा लगदा होतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा: टणटण वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तिथे खडूने खूण. डाग बहुधा वाटतो त्यापेक्षा मोठाच निघतो.

तेवढा वरचा थर कापा, कुजकं खरवडा, पूर्ण वाळू द्या, नवा बाल्सा इपॉक्सीत (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये) बसवा. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त खरं, पण जुन्या फायबरला इपॉक्सीइतकं धरत नाही. बोल्टची भोकं मोठी पाडून दाट इपॉक्सीने भरा, मग त्यातच नवं भोक पाडा. पुढे गळलं तरी बाल्सा कोरडा.

मुंबईत असाल तर पावसाळ्यात हे काढूच नका. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो, तो पाण्याने घासून धुतल्याशिवाय इपॉक्सीचा पुढचा हात धरत नाही.