पगाराशिवाय तुम्ही काय देता? छोट्या व्यवसायातले अनुभव सांगा

मोठ्या कंपन्यांचं वेगळं असतं. त्यांच्याकडे पाळणाघर असतं, व्यायामशाळा असते आणि हे सगळं बघायला एक अख्खा विभाग असतो. आपल्याकडे तो विभाग म्हणजे आपणच, तोही रात्री हिशोब मिटवून जेवढा जीव उरला असेल तेवढा.

माझा अकरा माणसांचा छापखाना आहे. मध्यंतरी माझा सगळ्यात जुना मशीनमन सोडून जायच्या बेतात होता. दुसरीकडे जास्त पगार मिळत असणार असं धरून, मनात एक आकडा ठरवूनच मी त्याच्याशी बोलायला बसलो. तर म्हणाला, "पगाराचं नाही दादा. उद्या मी किती वाजता सुटणार हे मला उद्याच कळतं. घरी कुणाला काही कबूलच करता येत नाही."

हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. अर्जंट काम आलं की "थांबा रे आज" म्हणायचं आणि सगळे थांबायचे. त्यात मला आमचा जिव्हाळा दिसायचा!

मग ठरवलं, पुढच्या आठवड्याच्या पाळ्या गुरुवारी फळ्यावर लागतील. त्यानंतर बदल करायचा तर विचारून, आणि समोरच्याला "नाही" म्हणायची मुभा. जो थांबेल त्याला जादा वेळेचे पैसे तर मिळतीलच, शिवाय तितकेच तास सुट्टी, त्याला हवी तेव्हा. पहिले तीन महिने मला धाप लागली. दोन-तीन गिऱ्हाइकं तुटली. मग हळूहळू लक्षात आलं की निम्मी अर्जंट कामं मुळात अर्जंट नव्हतीच. फाइल माझ्याच टेबलावर दोन दिवस पडून असायची आणि तिसऱ्या दिवशी मी आरडाओरडा करायचो. शिस्त आणली कामगारांच्या सोयीसाठी, लागली मला.

असे अनुभव हवे आहेत. फसलेले असतील तर ते आधी सांगा. "आमच्याकडे सगळे घरच्यासारखे" हे वाक्य मात्र नको. काय केलं, कुणाला काय फरक पडला, काय अंगाशी आलं ते लिहा. नोकरी करणाऱ्यांनीही लिहावं, नाहीतर आम्ही मालक मालक एकमेकांची पाठ थोपटत बसू.

शिवणकामाचं युनिट, १४ जणी

आमच्याकडे सगळ्यांची मागणी एकच होती: येण्या-जाण्याची वेळ थोडी पुढेमागे करू द्या. कुणाचं मूल लहान, कुणाकडे अंथरुणाला खिळलेले सासरे. ऐकायला सोपं वाटतं. पण शिवणकामात एकीचं काम दुसरीच्या हातात जातं. बाही जोडणारी आली नाही की ओव्हरलॉकवाली हात बांधून बसते, तिच्यामागे काजं-बटणवाली. पीसरेटवर, म्हणजे जेवढे नग तेवढे पैसे, असं काम असल्यामुळे बसून राहिली तिचे पैसे बुडतात. म्हणजे एकीची सवलत दुसरीच्या खिशातून जाणार.

वर्षभर मी "जमणार नाही गं" एवढंच म्हणत होते. मार्ग सुचवला आमच्याच एका बाईने. ती म्हणाली, "ताई, आमच्या मध्ये बंडलं साठवून ठेवा ना." म्हणजे दोन कामांच्या मध्ये कायम अर्ध्या दिवसाचा अर्धवट माल पडलेला असेल. मागची तासभर उशिरा आली तरी पुढचीला शिवायला काहीतरी असेल. यात माझं भांडवल थोडं अडकतं, जागाही जाते. चूक झाली तर ती कळायच्या आत अर्ध्या दिवसाचा माल बिघडलेला असतो, हाही तोटा आहे आणि तो मी दोनदा सोसला आहे. तरी परवडतं.

दुसरं म्हणजे प्रत्येकीने आणखी एक काम शिकायचं. भिंतीवर तक्ता लावला: आडवी कामं, उभ्या आम्ही. पूर्ण येतं तिथे भरीव गोल, शिकते आहे तिथे अर्धा. तक्त्यात मीही होते आणि माझ्या ओळीत सगळ्यात कमी गोल होते, त्यावर भरपूर हसून झालं.

अंगाशी काय आलं तर शिकण्याचे तास. शिकताना हात हळू चालतो, पीस कमी निघतात. पहिल्या महिन्यात दोघींचे पैसे कमी भरले आणि त्यांनी शिकणं बंद केलं. बरोबरच होतं त्यांचं. मग शिकण्याचे तास पीसरेटमधून काढून, मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीने धरले. आणि ज्यांना तीन कामं येऊ लागली त्यांनी एके दिवशी सरळ विचारलं, "आता आमचा दर वाढणार ना?" मी याचा विचारच केला नव्हता. वाढवला. आता दोन वेळा आहेत, लवकरची आणि उशिराची, आणि कोण कुठल्या वेळेला येणार हे त्या आपसात ठरवतात. मला फक्त यादी मिळते.

गॅरेज

माझं फसलेलं. पोरं उशिरा यायची म्हणून दंड लावला. पंधरा मिनिटांवर गेलं की ठरावीक रक्कम पगारातून वळती. पहिला आठवडा झकास. नंतर उशीर वाढला! एक हेल्पर तर निवांत पाऊण तास उशिरा यायचा आणि वर म्हणायचा, "कापा की साहेब." आधी त्याला निदान ओशाळल्यासारखं व्हायचं. मीच त्याला उशीर विकत दिला होता.

पुढे हाच प्रकार वाचनात आला. इस्रायलमधल्या हैफाच्या १० पाळणाघरांचा अभ्यास उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केला होता. मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना त्यांतल्या काही पाळणाघरांनी दंड लावला, तर उशीर करणारे जवळजवळ दुप्पट झाले. माझ्या डोळ्यांत भरलं ते पुढचं: दंड उठवला तरी आकडा खाली आला नाही. माझंही तेच झालं. दंड काढला, लाज काही परत आली नाही.

शेवटी कामच बदललं. सकाळी पहिला येईल तो त्या दिवसाची जॉबकार्डं वाटणार. कुणाला इंजिनचं काम, कुणाला नुसतं ऑइल बदलणं, हे तो ठरवणार. धुण्याचं काम कुणालाच नको असतं, त्यामुळे शटर उघडायच्या आधी दोघेतिघे उभे असतात. यातही कुरबुरी आहेत, दूर राहणाऱ्यावर अन्याय होतो. त्याच्यासाठी आठवड्यातून एक दिवस राखून ठेवला आहे.

नोकरदार

आमच्याकडे वाढदिवसाला फळ्यावर नाव लागतं, टाळ्या होतात. पगाराची तारीख मात्र दर महिन्याला वेगळी. एवढंच लिहायचं होतं.

धागाकर्ता

वरच्या प्रतिसादावर मी दहा मिनिटं काही लिहू शकलो नाही. माझ्याकडेही मागच्या वर्षी दोनदा पगार लांबला होता.

सॉफ्टवेअर, ६ जण

आम्ही मोठ्यांची नक्कल करायला गेलो. थ्रीएम या अमेरिकी कंपनीत १९४८ पासून कर्मचाऱ्यांना १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांवर घालवायची मुभा आहे, हे वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी जाहीर करून टाकलं. शुक्रवार दुपार तुमची! दोन महिन्यांत शुक्रवार दुपार म्हणजे राहिलेलं काम उरकायची वेळ झाली. सहा जणांत एकाने हात काढला की बाकीच्यांवर भार येतो, त्यामुळे जो खरंच स्वतःचं काही करत बसे त्याला अपराधी वाटायचं.

त्याच कंपनीच्या पोस्ट-इट या चिकटचिठ्ठ्यांची गोष्ट नीट वाचली तर ती आपल्यासारख्यांना घाबरवणारी आहे. तिथल्या स्पेन्सर सिल्व्हर यांना तो अर्धवट चिकटणारा गोंद सापडला १९६८ मध्ये. त्याचं काय करायचं ते कुणाला कळेना. त्यांचे सहकारी आर्ट फ्राय यांना भजनाच्या पुस्तकातून खुणेचे कागद गळून पडतात म्हणून तो गोंद आठवला १९७४ मध्ये, आणि चिठ्ठ्या अमेरिकाभर विकायला आल्या १९८० मध्ये. बारा वर्षं! माझ्याकडे बारा आठवड्यांचा पगार शिल्लक असला तर मी स्वतःला श्रीमंत समजतो.

म्हणून उलटं केलं. प्रत्येकाने कल्पना नाही, कटकट आणायची. रोजच्या कामातलं वैताग देणारं एक काम निवडायचं, त्यावर सलग दोन दिवस घ्यायचे, त्या दिवसांत त्याच्या गिऱ्हाइकांचे फोन मी घेणार. एका मुलीने दर महिन्याचा अहवाल आपोआप तयार होईल असं करून टाकलं. तिचे महिन्याला सहा-सात तास वाचले. त्या तासांत नवीन काम टाकायचा मोह मला झाला होता, खोटं कशाला बोलू. टाकलं नाही. टाकलं असतं तर पुढची कटकट कुणी आणलीच नसती.

फॅब्रिकेशन

सूचनापेटीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. कोडॅकने १८९८ मध्ये कामगारांकडून सूचना मागवायला सुरुवात केली होती. म्हणजे कल्पना सव्वाशे वर्षांची आहे आणि तरी बहुतेक पेट्यांत धूळच असते. माझ्या पेटीत चार महिन्यांत तीन चिठ्ठ्या आल्या. एक कोरी होती.

पेटी काढून टाकली. वेल्डिंगच्या टेबलाशेजारी पत्रा लावला, त्यावर खडूने लिहायचं. लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीखाली आठ दिवसांत मी उत्तर लिहायचं: करतो, करत नाही, आणि का. "करत नाही" लिहायला हात जड होतो, पण त्यामुळेच पत्रा चालला. पहिली सूचना होती, ग्राइंडर खाली वाकून उचलावा लागतो, तो स्प्रिंगला लटकवा. एका दुपारचं काम. कंबरदुखीच्या सुट्ट्या कमी झाल्या की नाही ते मोजलेलं नाही, पण आता सगळे ग्राइंडर लटकतात.

हिशोबाचं ऑफिस

आमचं काम हंगामी. विवरणपत्रांची मुदत जवळ आली की रात्रीचे दिवस, एरवी खुर्च्या उबवायच्या. ब्रिटनमध्ये २०२२ साली ६१ कंपन्यांनी सहा महिने पगार न कापता आठवडा चार दिवसांवर आणून पाहिला, बहुतेकींनी तो पुढेही चालू ठेवला. आम्हाला वर्षभर ते शक्य नाही. पण मंदीच्या चार महिन्यांत शुक्रवार सुट्टी द्यायला काय हरकत आहे, असा विचार केला. दिली. सगळे खूश.

सगळे म्हणजे खुर्चीवर बसणारे. दार उघडणारा, कागदपत्रं पोचवणारा, फोन घेणारी मुलगी, यांना मी त्यात धरलंच नव्हतं. का धरलं नाही हे विचाराल तर उत्तर नाही. त्या मुलीने तिसऱ्या आठवड्यात विचारलं, "सर, शुक्रवारी फोन वाजला तर मी काय सांगू, सगळे सुट्टीवर आहेत म्हणून?" आता शुक्रवारचे फोन आळीपाळीने घेतले जातात. त्या आळीपाळीत भागीदारही आहेत.

प्रयोगशाळेतली नोकरी

मालकांची बाजू घेऊन लिहिते आहे, असं क्वचित होतं. आमच्याकडे उचल घ्यायची झाली तर पूर्वी मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन कारण सांगावं लागायचं. आजारपण, फी, घरातली भांडणं, सगळं उघडं करायचं आणि त्या "बघते" म्हणणार. आता एक वही आहे. वर्षातून तीनदा, अर्ध्या पगारापर्यंत, कारण न विचारता. रक्कम आणि सही, एवढंच. पुढच्या तीन पगारांत ती फिटते. आधीची फिटल्याशिवाय दुसरी नाही, म्हणजे कर्जाचा डोंगर होत नाही.

मॅडमना पैशाने किती फरक पडला ठाऊक नाही. मला केबिनच्या दारात उभं राहावं लागत नाही.

घरपोच सेवा, २० जण

मी सवलती काढून घेतल्या, त्याचा अनुभव सांगतो. एक मोठं कंत्राट गेलं. पाच सोयी चालू होत्या, तीनच परवडणार होत्या. कुठल्या दोन बंद करायच्या हे मी ठरवून सांगणार होतो. बायको म्हणाली, त्यांनाच विचार. सगळ्यांना बसवलं, आकडे फळ्यावर लिहिले: विमा, मोबाइलचा खर्च, गाडीची देखभाल, वर्षअखेरची जादा रक्कम आणि बदली माणूस.

बदली माणूस म्हणजे आमच्याकडे ठरलेला मार्ग नसलेला एक जण. कुणी रजेवर गेलं की तो त्याचा मार्ग घेतो. माझ्या लेखी तो सर्वात आधी जाणार होता. महिन्यातले कित्येक दिवस तो गोदामात नुसता बसलेला दिसायचा. आणि वर्षअखेरची रक्कम राहणार, याबद्दल मला शंकाच नव्हती.

त्यांनी विमा ठेवला, देखभाल ठेवली. तिसऱ्यावर वाद झाला, हात वर करून मोजणी झाली आणि वर्षअखेरची रक्कम गेली. बदली माणूस राहिला. मी खरंच गोंधळून विचारलं, का? मागे बसलेला एक जण म्हणाला, "रजा कागदावर पूर्वीही होती की साहेब. पण मी घेतली की माझी पार्सलं याच्या डोक्यावर," आणि शेजाऱ्याकडे बोट दाखवलं. "मग कोण घेतंय?"