न्यू ऑर्लिन्सनंतरची लढाई

न्यू ऑर्लिन्सची लढाई तह झाल्यानंतर लढली गेली आणि तिथेच अमेरिका व ब्रिटन यांच्यातले १८१२चे युद्ध संपले, असे नेहमी म्हटले जाते. पहिला भाग बरोबर आहे. गेंटचा तह २४ डिसेंबर १८१४ रोजी झाला आणि ही लढाई ८ जानेवारी १८१५ची. परंतु तह अमलात यायला दोन्ही बाजूंची मंजुरी लागत होती आणि ती फेब्रुवारीत पूर्ण झाली, हेही ध्यानात घ्यावे.

समुद्रावर मात्र बातमी जहाजाच्याच वेगाने पोहोचत असल्यामुळे युद्ध पुढे कित्येक महिने चालूच राहिले. एप्रिल १८१५च्या अखेरीस 'हॉर्नेट' या अमेरिकी जहाजाचा 'कॉर्नवॉलिस' या ब्रिटिश युद्धनौकेने इतका पिच्छा पुरवला, की वजन कमी करण्यासाठी त्याला आपल्या तोफा आणि नांगरसुद्धा समुद्रात फेकावे लागले. 'कॉर्नवॉलिस' ही ७४ तोफांची नौका मुंबईच्या गोदीत जमशेटजी वाडियांनी सागवानात बांधलेली होती!

त्याहून चटका लावणारा प्रसंग ३० जून १८१५चा. सुंदा सामुद्रधुनीत, जावाच्या आंजेर बंदराजवळ, 'पीकॉक' या अमेरिकी युद्धनौकेच्या कॅप्टन वॉरिंग्टनला ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे मरीन या आरमारातील 'नॉटिलस' हे लहान जहाज आढळले. तह झाल्याचे नॉटिलसच्या लेफ्टनंट बॉइसने सांगितले. तरी निशाण उतरवण्याची मागणी झाली, त्याने ती नाकारली आणि तोफा सुटल्या. नॉटिलसवरची काही माणसे मेली, बॉइस स्वतः गंभीर जखमी झाला. तहाची खात्री पटल्यावर वॉरिंग्टनने जहाज परत केले. त्याला ती हूल वाटली असेलही, पण किनाऱ्यावर चौकशी करण्याइतका वेळ त्याच्यापाशी नक्कीच होता.