रिफ्रॅक्टोमीटर फुटलं, आता आंबा काढायचा की थांबायचं?

बागेतला नवखा:
देवगड तालुक्यात एका बागेवर सुपरवायझर आहे, दुसराच हंगाम. गोडी मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर परवा हातातून पडून फुटलं. मालक मुंबईत, फोनवर एकच: "वाशीला भाव आहे, काढा." मुकादम म्हणतो चार दिवस थांबा, आणि त्याच्यामागे सगळे गडी माना डोलावतात. वर रोज दुपारी ढग भरून येतायत. चाळीस कलमं आहेत. कसं ठरवू?

खंडकरी:
आम्ही सव्वीस वर्षं खंडाने बागा घेतोय, ते यंत्र मी गेल्या वर्षी पहिल्यांदा हातात धरलं. तेही फळ चिरल्याशिवाय काही सांगत नाही.

कातळावरची तीन-चार कलमं धरा, खालच्या परड्यातली तीन-चार. चारी बाजूंनी मिळून दहा-दहा फळं देठासकट काढा. एकाच फांदीला पहिल्या मोहोराचा आंबा आणि दुसऱ्या मोहोराचा आंबा शेजारी लटकतो, म्हणून चारी बाजू. बादलीत सोडा. आजोबा म्हणायचे, "बुडलो तर काढूचो, तरंगलो तर रवांदे."

पाणी मात्र गोडं हवं! मी एकदा खाडीकाठच्या विहिरीचं घेतलं. एप्रिलअखेरीला ते मचूळ झालेलं, माझ्या ध्यानात नाही. सगळा आंबा तरंगला. तयार हापूस साध्या पाण्यापेक्षा जेमतेम जड, मीठ आलं की तो वर येणारच. मी थांबलो, आणि पाचव्या दिवशी कलमाखाली पिकल्या आंब्याचा सडा. तेव्हापासून पाणी आधी चाखतो.

देठाशी खळगी पडून खांदे वर आले असतील तर चौदा आणे, म्हणजे काढणीला तयार समजा. ढगाला भिऊन कोवळा काढलात तर आढीत सुरकुतेल.

मुकादमाला सगळ्यांत शेवटी विचारा. तो आधी बोलला की झेलेवाल्यांचं, म्हणजे जाळीच्या काठीने आंबा उतरवणाऱ्या गड्यांचं, मत संपलं. एकेकाला वेगळ्या कलमाखाली गाठा, वयाने लहान असेल त्याला पहिलं.

कातळावरची:
बादलीत साका, म्हणजे आतला गर खराब झालेला, कळत नाही, एवढं लक्षात ठेवा. सकाळी काढा, लगेच सावलीत न्या. तापल्या कातळावर ढीग घातलात तर वरून सोनं आणि आत पांढरा स्पंज.

बागेतला नवखा:
काल सकाळी केलं. पाणी चाखून घेतलं (गडी हसले). कातळावरच्या दहातले आठ बुडाले, परड्यातले तीनच. झेलेवाल्यांतला सगळ्यांत लहान पोरगा हेच बोलला होता, वरची तयार, खालची नाहीत. मालकांना नुसते आकडे सांगितले. पलीकडे जरा वेळ शांत, मग, "बरं, वरची काढ." आज पहिली गाडी गेली. तरंगलेल्यांचं लोणचं घातलंय. मुकादम कालपासून माझ्याशी बोलत नाहीये, त्याचा नंबर शेवटी लागला ना.