मेणातलं ड्यूटेरियम आणि पाऊस: मधली पायरी
गाळात साठलेल्या पर्णमेणात (पानांवरच्या मेणात) ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, कमी असेल तर त्या काळी पाऊस जास्त होता, असं मानतात. उष्ण कटिबंधात हे बहुधा खरं, पण मधली पायरी सोडू नका. पान मेण बनवतं तेव्हा पावसाच्या पाण्यापेक्षा त्यात ड्यूटेरियम साधारण १०० ते १५० प्रति हजार कमी उतरतं, आणि गवतात ही घट झाडांपेक्षा सहसा जास्त असते. म्हणजे पाऊस तसाच राहून नुसतं जंगलाच्या जागी गवत आलं, तरी ड्यूटेरियमचा आलेख खाली सरकतो! म्हणून, गवत वाढलं होतं का ते कळायला, त्याच मेणाचे कार्बन समस्थानिक (कार्बनचे हलके-जड प्रकार) शेजारी ठेवून बघायलाच हवेत.

तरीही ही पद्धत मला फार मोलाची वाटते. कार्बनला घट्ट बांधलेला हा हायड्रोजन थंड, उथळ गाळात हजारो वर्षं सहसा बदलत नाही. पूर्व आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातून तर ६०,००० वर्षांची नोंद मिळाली आहे.