मदत हवी आहे: मुलाच्या नावाचा खरा अर्थ काय? (तातडीचं)

उतावळा_बाबा
नमस्कार मंडळी. मुलगा झालाय. नाव ठरलंय, आम्हा दोघांनाही आवडलंय. पण काल मेहुण्याने फोनवर त्याचा भलताच अर्थ सांगितला, तेव्हापासून बायको गप्प आहे. नेटवर बघितलं तर एक साइट म्हणते 'ज्याच्यावर कुणी नेता नाही', दुसरी म्हणते 'श्रेष्ठ', तिसरी म्हणते 'राधेचा नवरा'. धरायचं कुणाचं? उद्या दुपारपर्यंत अर्ज भरायचाय. जाणकारांनीच लिहा. आणि कृपा करून दुसरी नावं सुचवू नका, नाव ठरलंय.

दवबिंदू
अभिनंदन! पण नाव कोणतं?

खडूस
'नाव ठरलंय' दोनदा लिहिलंत. नाव तेवढं राहिलं.

मीच_ती
अर्णव ठेवा. अर्णव म्हणजे समुद्र. माझ्या भाच्याचं तेच आहे, फार गुणी पोरगं.

उतावळा_बाबा
सॉरी, गडबडीत राहिलं. आनय. @मीच_ती, सुचवू नका म्हटलं होतं.

अनुस्वार
आनय की अनय?

उतावळा_बाबा
त्याने काय फरक पडतो? मोबाइलवर जे आधी उमटलं ते पाठवलं.

अनुस्वार
फरक असा की 'आनय' म्हणजे 'आण'. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर 'जलम् आनय' आठवेल. लोट् लकार, मध्यम पुरुष, एकवचन. पोराला हाक मारलीत की दर वेळी काहीतरी आणायलाच सांगताय असं होईल.

'अनय' असेल तर वेगळं प्रकरण. नय म्हणजे नीती, वागायची रीत. मूळ धातू 'नी', म्हणजे नेणे. त्याला नकाराचा अ लागला की अनय: वाईट वागणूक, अन्याय, संकट. वामन शिवराम आपट्यांच्या १८९० च्या कोशात हेच सापडेल. 'श्रेष्ठ' कुठून आलं ते त्या साइटवाल्यालाच विचारा. तुमचे मेहुणे बरोबर आहेत.

टवाळ
मेहुणा बरोबर निघावा, हाच मोठा अनय.

पायरी
अनुस्वार, तुम्ही नेहमीसारखं अर्धंच सांगता. नञ् तत्पुरुष धरलात म्हणून 'नय नव्हे तो'. बहुव्रीही का नाही? 'अनीश'चं बघा. 'ईश नव्हे तो' म्हटलं तर दुबळा, 'ज्याच्यावर कुणी ईश नाही तो' म्हटलं तर सर्वांच्या वरचा. शब्द तोच, विग्रह बदलला. 'ज्याच्यावर कुणी नेता नाही' हे त्याच वळणाचं आहे.

अनुस्वार
'ज्याला नाथ नाही तो' हाही बहुव्रीहीच आहे. अनाथ. ठेवता का?

पायरी
तिरकस बोलायची हौस असेल तर कर्ण म्हणजे कान आणि भीष्म म्हणजे भयंकर. म्हणून लोकांनी ती नावं टाकली का?

दवबिंदू
तुमचं भांडण चालू द्या, माझी एक शंका. आमच्या आरवचं नाव 'शांत' असा अर्थ वाचून ठेवलं होतं. तो तरी बरोबर आहे ना? 🙏

अनुस्वार
रव म्हणजे आवाज. आरव म्हणजे आरडाओरडा. कोंबडा आरवतो ना, तोच हा.

दवबिंदू
तीन वर्षं पहाटे साडेचारला उठतोय. आत्ता कळलं.

नीरव_नावाचा
शांत हवं होतं तर नीरव ठेवायचं. आणि नी दीर्घ. निस् अधिक रव, पुढे र आला की स् जातो आणि मागचा इ लांबतो. नीरस, नीरोग, सगळे तसेच. माझ्या दाखल्यावर ऱ्हस्व आहे आणि चाळीस वर्षं मी 'निऽऽ' अशी हाक ऐकतोय.

अंकयोग
अर्थाला काही महत्त्व नसते. इंग्रजी स्पेलिंगमध्ये सुरुवातीला दोन ए घ्या, बेरीज उत्तम येते. जन्मवेळ व्यक्तिगत निरोपात पाठवा.

खडूस
दोन ए घेतले की परत 'पाणी आण'.

नवी_आत्या
इथेच विचारते. भाच्यासाठी कियान चालेल का? वहिनीला शुद्ध संस्कृत हवंय.

ओसरी
कियान फारसी आहे. शाहनाम्यात कयानी राजे येतात ना, त्यांच्यावरून. 'कै' म्हणजे राजा आणि कियान हे त्याचं अनेकवचन. पारशांच्या कैखुश्रू, कैकोबाद या नावांत तोच कै आहे.

टवाळ
आपल्याकडे नावाआधी कै. लागला की माणूस भिंतीवर जातो.

नवी_आत्या
अगंबाई. मग मिहिर? ते तरी आपलंच ना?

ओसरी
तेही इराणातून फिरून आलंय. वेदातला मित्र, अवेस्तातला मिथ्र. तिकडे त्याचा मिह्र झाला आणि तो संस्कृतात मिहिर होऊन परत आला, सूर्य या अर्थाने. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या नावात बसलाय. म्हणजे मित्र आणि मिहिर एकाच घरचे, एक गावीच राहिला आणि एक परदेशी जाऊन आला. समीरची तऱ्हा निराळी: संस्कृतात वारा, अरबीत रात्री गप्पा मारत बसणारा सोबती. एकमेकांशी काही संबंध नाही, नुसती गाठ पडली. वहिनींना सांगा, शुद्धबिद्ध फार खोदू नका.

मीच_ती
राधेच्या नवऱ्याचं कुणीच बोललं नाही. गवळणी ऐकलेल्या प्रत्येकाला अनय म्हटलं की तोच आठवणार. बिचारा घरात बसलेला. बंगालीत त्याला आयान घोष म्हणतात, तिकडच्या वैष्णव ग्रंथांत तो अभिमन्यू आहे. अर्जुनाचा नव्हे, हा वेगळा.

टवाळ
अभिमन्यू नको, आत गेला की बाहेर येत नाही.

उतावळा_बाबा
अहो, माझं काय? रात्रीचे अकरा वाजले. मी फक्त एक अर्थ विचारला होता.

पायरी
तुम्हाला हे नाव सुचलं कुठून ते सांगा आधी. पुस्तकातून, कुणाच्या तोंडून, की साइटवरून?

उतावळा_बाबा
कुठून म्हणजे? आमच्या दोघांच्या नावांतून. बायकोचं अ वरून सुरू होतं आणि मी विनय. अ + नय.

खडूस
हे पहिल्या ओळीत लिहिलं असतंत तर पाणिनीला उठवावं लागलं नसतं.

अनुस्वार
विनय! मग तुमच्याच नावातला नय तो. विनय, प्रणय, परिणय, अभिनय, अनुनय, सगळी त्याच 'नी' धातूची पोरं. कोशातला अर्थ मी मागे घेत नाही. पण तुमच्या घरी तो अ नकाराचा नाही, बायकोचा आहे. मेहुण्यांना एवढंच सांगा.

टवाळ
बायकोचा अ म्हणजेच नकाराचा अ. अनुभवाचे बोल.

दवबिंदू
तनय पण यातलाच का हो?

अनुस्वार
नाही. तो तन् धातूचा. तन् म्हणजे ताणणे, पसरणे, त्यावरून वंश पुढे नेणारा, मुलगा. न आणि य दिसले म्हणून भाऊ होत नाहीत.

पायरी
आणि मी बहुव्रीही म्हटलं तेव्हा मला अनाथ दाखवलात. 🙂

काजळी
आत्ताच धागा वाचला. मुलगी असेल तर ईशा किंवा अन्विता छान.

उतावळा_बाबा
(दुसऱ्या दिवशी) सर्वांचे आभार. बायको हसली, मेहुण्याला तिनेच फोन लावला. अर्ज भरला, अनय, अ ऱ्हस्व. पण पावती बघतोय तर इंग्रजी रकान्यात सुरुवातीला दोन ए पडलेत. दुरुस्ती कशी करायची? लवकर सांगा, उद्यापर्यंतच मुदत आहे.

खडूस
अर्ज कसला?