शनिवारचा सिनेमा (सोसायटी ग्रुप)

बी-३०२ वहिनी: कमिटीला नमस्कार. शनिवारी ‘लायसन्स टू किल’ बघितल्यापासून आमची चिऊ रात्री दचकून उठतेय. नोटिशीत वयाचा उल्लेख का नव्हता?

सेक्रेटरी: वहिनी, दिलगीर आहोत 🙏 मे महिन्यात गच्चीवर ‘ऑक्टोपसी’ लावला तेव्हा हीच मुलं टाळ्या पिटत होती. ‘लायसन्स टू किल’ही जेम्स बॉण्डचाच, दिग्दर्शकही तोच, जॉन ग्लेन. म्हणून लावला.

सी-१०४ नाना: दिग्दर्शक तोच, पण बॉण्ड कोण? १९८३ च्या ‘ऑक्टोपसी’त रॉजर मूर. समोर आलेल्या वाघाला ‘बस’ म्हणणारा. उदयपूरला रिक्षांचा पाठलाग, टेनिसपटू विजय अमृतराज रॅकेटने गुंडांना झोडपतोय, आणि मूरची एक भुवई वर. तो घाबरत नाही म्हणून आपली मुलंही घाबरत नाहीत. १९८९ च्या ‘लायसन्स टू किल’मधला टिमथी डाल्टन सूडाला निघालाय. मित्राला शार्कपुढे टाकलंय, मित्राच्या बायकोला मारलंय, आणि ते सगळं डाल्टनच्या डोळ्यांत दिसतं. मग पुढचा प्रत्येक घाव खरा वाटतो.

ए-५०१: उदयपूर निघालंच आहे तर सहलीचा हिशोब कधी मिळणार?

सेक्रेटरी: फेब्रुवारीच्या सभेत मांडलाय. आपण आला नव्हतात.

ए-५०१: कळवलं असतं तर आलो असतो.

बी-३०२ वहिनी: नोटिशीत वयाचा उल्लेख का नव्हता?

डी-२०३: नाना, नटाच्या हातात एवढं नसतं. १९८१ च्या ‘फॉर युअर आइज ओन्ली’त कड्यावर लटकलेल्या, आत गुंड असलेल्या मोटारीला लाथ मारायला मूर तयार नव्हता. ग्लेनने मारायला लावलीच ना?

सी-१०४ नाना: लावली. पण मूरच्या सगळ्या बॉण्डपटांत ती एक लाथ अजून वेगळी उठून दिसते, हेही बघ. आणि ‘द लिव्हिंग डेलाइट्स’ (१९८७) आठव. चेलोच्या (मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्याच्या) पेटीत बसून बर्फावरून घसरत सरहद्द ओलांडायची, हा मूरला शोभणारा प्रसंग. डाल्टनच्या तोंडावर जीव वाचवायची घाई. पुढचा सिनेमा, म्हणजे ‘लायसन्स टू किल’, मग त्याच्याच मापाने बेतला. ब्रिटनमध्ये त्याला १५ वर्षांखालच्यांना प्रवेश नव्हता. आपण बालवाडीतली मुलं पुढच्या रांगेत बसवली.

बी-३०२ वहिनी: तेच म्हणतेय मी सकाळपासून.

सी-१०२ काकू: मला डाल्टनच आवडतो बाई. इयान फ्लेमिंगच्या मूळ बॉण्ड-कादंबऱ्या वाचून त्याने बॉण्ड उभा केला. ते वाचन दिसतं.

सी-१०४ नाना: मलाही तोच आवडतो, काकू. म्हणूनच जीव तुटतो. इतका चांगला सिनेमा मुलांच्या नशिबी असा आला.

डी-२०३: पण मूरचा प्रत्येक सिनेमा मुलांना चालेल असंही नाही हं.

सी-१०४ नाना: नाही. आधी मी बघेन, मग लावू.

सेक्रेटरी: पुढच्या नोटिशीत वय आणि बॉण्ड कोण, दोन्ही लिहितो.

बी-३०२ वहिनी: चालेल. नाना, रविवारी दुपारी तो वाघाचा भाग चिऊला तुमच्या घरी दाखवाल का? पडदा दिसला की डोळे मिटून घेतेय.

सी-१०४ नाना: चार वाजता या. मी शेजारीच बसेन तिच्या.

ए-५०१: हिशोबाचं राहिलंच.