"तुम्हाला काही विचारायचंय?" : मुलाखतीच्या शेवटच्या पाच मिनिटांचे अनुभव

भाच्याची पहिली मुलाखत झाली. घरी आल्यावर विचारलं, "शेवटी 'काही विचारायचंय का' म्हणाले असतील ना? काय विचारलंस?" तर म्हणे, "नो सर, थँक्यू सर."

हसू आलं, कारण 2009 मध्ये मीही हेच म्हणाले होते. रुजू झाल्यावर कळलं की शिफ्ट दुपारी दोन ते रात्री अकरा. हिंजवडीहून कोथरूडला घरी पोचेपर्यंत बारा वाजून जायचे. त्यांनी लपवलं नव्हतं हो, मी विचारलंच नाही!

नेटवरच्या 'टॉप टेन प्रश्न' छाप याद्या नकोत. तुम्ही खरंच विचारलेला प्रश्न, मिळालेलं उत्तर आणि पुढे काय झालं, तेवढं लिहा.

भोसरीकर
डिप्लोमा मेकॅनिकल. चाकणला मुलाखत, मोठी कंपनी, काचेची कॉन्फरन्स रूम, चहा-बिस्किटं. सगळं झाल्यावर विचारलं, "सर, मी कंपनीच्या पे-रोलवर येणार की कंत्राटदाराच्या?" एचआरवाले म्हणाले, "सुरुवातीला कंत्राटदाराकडे, मग काम बघून कायम करतो." मी म्हटलं, "गेल्या दोन वर्षांत किती जणांना केलं?" ते शेजारच्या साहेबांकडे बघायला लागले. मग म्हणे, आकडा आत्ता हाताशी नाही. माझं मत असं, की आकडा सांगण्यासारखा असला तर तो तोंडपाठ असतो. गेलो नाही. बाबा आठ दिवस बोलत नव्हते.

आकडेमोड
मी सीटीसीची (कंपनी आपल्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चाची) फोड मागितली. 6 लाखांत कंपनीचा पीएफचा वाटा होता, मूळ पगाराच्या 4.81 टक्के ग्रॅच्युइटी होती (जी कायम नोकरीत साधारण पाच वर्षं टिकलं तरच हातात पडते) आणि वर व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर कमी-जास्त होणारा भाग. "गेल्या वर्षी लोकांना व्हेरिएबलपैकी प्रत्यक्ष किती मिळालं?" साहेब क्षणभर थांबले आणि म्हणाले, "साठ टक्क्यांच्या आसपास." खरं सांगितलं म्हणून तीच नोकरी घेतली. त्या वर्षी 55 मिळाले, तक्रार नाही.

उगाचच
"कंपनीचं व्हिजन काय?" असं विचारलं होतं. साहेबांनी माझ्या मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. फ्रेम करून लावलेलं होतं.

तासिकावाली
कॉलेजात सीएचबीवर (तासिका तत्त्वावर, म्हणजे तासांप्रमाणे मानधन) सहा वर्षं काढली आहेत, त्यामुळे आता एकच प्रश्न विचारते: मानधन दर महिन्याला होतं की वर्षाअखेरीस एकदम? प्राचार्य हसले. "मॅडम अनुभवी दिसतात!" म्हणाले, मार्चच्या आत देऊ. मिळालं जूनमध्ये. पण उशीर होणार हे त्यांच्या हसण्यावरूनच कळलं होतं, म्हणून दोन शिकवण्या सोडल्या नव्हत्या.

दोन_डबे
मला आधी त्यांनीच विचारलं, मूल किती वर्षांचं, सांभाळतं कोण. मग मीही विचारलं, इथे पाळणाघर आहे का? मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनंतर 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे ते हवंच. ऑफिसात सहज दोनशे माणसं दिसत होती. वातावरण एकदम थंड पडलं. पुढे फोन आला नाही. प्रश्न चुकीचा नव्हता, पण वेळ चुकली का, हे अजून मनात येतं.

धागाकर्ती
@दोन_डबे, मला वाटतं असे प्रश्न ऑफर हातात आल्यावर विचारावेत. तोवर गरज आपल्याला असते, नंतर थोडी त्यांनाही. आणि मुलाबद्दल त्यांनी विचारलेलं चालतं, तुम्ही विचारलेलं खटकतं, हे मात्र भारी आहे.

पलीकडची_खुर्ची
मी मुलाखती घेतो, नाशिकला, छोटा कारखाना. पाठ करून आणलेला प्रश्न लगेच ओळखू येतो, कारण उत्तर चालू असताना उमेदवार पुढचा प्रश्न आठवत असतो. स्टोअरच्या जागेसाठी आलेल्या एका मुलीने विचारलं, "या जागेवर आधी कोण होतं आणि ते का गेले?" मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, चौदा महिन्यांत तीन जण गेलेत. प्रत्येक वेळी 'घरगुती अडचण' लिहून आम्ही फाईल बंद केली होती. तिला खरं ते सांगितलं. ती आली नाही, बरोबरच केलं. संध्याकाळी मी त्या तिघांना फोन लावले. स्टॉक कमी भरला की पगारातून कापायचे, आणि गोदामाची दुसरी किल्ली भलत्याच माणसाकडे! किल्ली आता स्टोअरवाल्याकडेच असते. पुढचा माणूस अजून टिकून आहे.

स्टुटगार्टहून
इकडे उलट. प्रश्न नाहीत म्हटलं तर यांना वाटतं तुम्हाला रसच नाही. मी विचारलं, प्रोबेत्साइटच्या (इकडच्या प्रोबेशनच्या) सहा महिन्यांनंतर माझं काम चांगलं झालं हे तुम्ही कशावरून ठरवाल? पुढची वीस मिनिटं टीम लीड कागदावर चौकोन काढत बसला. त्या सहा महिन्यांत दोन आठवड्यांच्या नोटिशीवर घरी पाठवू शकतात, म्हणून तो कागद जपून ठेवला होता.

धागाकर्ती
भाच्याची गुरुवारी दुसरीकडे मुलाखत आहे. 'आधी कोण होतं' त्याने वहीत उतरवून घेतलाय, शिफ्टचा मी लिहायला लावला. पण तिथून निरोप आलाय की निवड झाली तर मूळ मार्कशीट दोन वर्षं जमा ठेवावी लागेल. हे कसं विचारायचं?

भोसरीकर
विचारायचं काय त्यात? मूळ दाखवायची, झेरॉक्स द्यायची, मूळ परत पिशवीत. माझ्या मित्राची अजून अडकलीय.